वसूल

बिलावरची तिसरी ओळ पाण्याची होती. अर्धा लिटर, साडेचार फ्रँक. बाटलीबंद नव्हे, नळाचंच. वेटरनं काचेच्या सुरईतून आणलेलं आणि वर पुदिन्याची एक काडी तरंगत सोडलेली. आत्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, बिल मेणबत्तीजवळ धरलं आणि विचारलं, "हे पाण्याचे की काडीचे गं?"

मी गप्प. पाणी मीच मागवलं होतं. "नळाचं चालेल," असं ऐटीत सांगून, आपण पैसे वाचवले या आनंदात.

बिल चुकतं करून बाहेर पडलो. गल्ली जिथे वळते तिथे, दहा पावलांवर, एक दगडी हौद होता. मधल्या खांबाला पितळी तोटी, तोटीतून दोन बोटांएवढी जाड धार, कोणी पितंय की नाही याची फिकीर न करता पडत राहिलेली. आत्यानं ओंजळ धरली. एक घोट घेतला, मग आणखी एक. "तेच आहे," ती म्हणाली. "फक्त काडी नाही."

स्वित्झर्लंडमधल्या या झुरिक शहरात असे हौद बाराशेच्या वर आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं आहे. शहराला लागणारं बहुतेक पाणी तळ्यातून येतं. पण यातल्या काहीशे तोट्यांना झऱ्यांचं पाणी आहे, आणि त्यांच्या नळांचं जाळं मुख्य जाळ्यापासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं आहे. उद्या काही संकट आलं, तळ्याचं पाणी बंद करावं लागलं, तर लोकांनी बादल्या घेऊन चौकात यावं. इतक्या श्रीमंत शहरानं बादलीची सोय करून ठेवली आहे, हे मला फार आवडलं. अर्थात हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री मी हौदाच्या काठावर बसून साडेचारला शंभरानं गुणत होते.

आमचं परतीचं विमान झुरिकहून होतं, म्हणून शुक्रवारची संध्याकाळ, शनिवार आणि रविवार या शहराच्या वाट्याला आले होते. सप्टेंबरचे दिवस, अंगात पातळ स्वेटर घालावा की काढावा अशा बेताची हवा. बरोबर आत्या. वय ७१, गुडघे ठीक, दृष्टी अधू, नजर मात्र तयारीची. बँकेत तिनं एकतीस वर्षं कॅशियर म्हणून काढली, त्यामुळे छापील आकडा दिसला की तो वाचून काढल्याशिवाय ती पुढे जात नाही. जाहिराती वाचत नाही, पावत्या वाचते.

फ्रँकचा भाव तेव्हा शंभर रुपयांच्या आसपास घुटमळत होता, आणि सगळा घात इथेच झाला. दर अवघड असता, सत्त्याऐंशी पूर्णांक काहीतरी, तर दोन वस्तूंनंतर कंटाळून नाद सोडला असता. पण शंभरानं गुणायला डोकं लागतच नाही. नुसती दोन शून्यं मागे येऊन उभी राहतात, बोलावलेलं नसताना. कॉफीमागे उभी राहतात, बसच्या तिकिटामागे उभी राहतात, सार्वजनिक शौचालयाच्या दारातही उभी राहतात. पहिल्या संध्याकाळी मी ट्रॅमच्या खिडकीतून तळं पाहिलं, पलीकडचे डोंगर पाहिले, आणि मनात आलं ते हे, की एवढं दिसायचे किती झाले असतील.

आत्या गुणाकार करत नव्हती. भागाकार करत होती. हे मला शनिवारी दुपारपर्यंत कळलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही चोवीस तासांचं तिकीट काढलं. झोन ११०, म्हणजे मुख्य शहर. ट्रॅम, बस, नदीतली होडी, एवढंच काय ती चिमुकली तांबडी पॉलीबानसुद्धा, जी १८८९ पासून लोकांना नदीकाठच्या चौकातून वर विद्यापीठाच्या गच्चीपर्यंत नेऊन सोडते. या तिकिटाची गंमत अशी, की ते दोन साध्या फेऱ्यांच्या किमतीत येतं. तिसऱ्या फेरीपासून पुढचा प्रवास आपल्या खिशातून गेलेला नसतो. मशीनमधून निघालेल्या कागदावर १०.४० ही वेळ छापलेली होती. आत्यानं ती मोठ्यानं वाचली, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "उद्या दहा चाळीसपर्यंत." त्या स्वरात मला काउंटर बंद व्हायची वेळ ऐकू आली.

आधी फ्राउम्युन्स्टर. नदीच्या डाव्या काठावरचं हे चर्च मूळचं बायकांच्या मठाचं. आत जायला पाच फ्रँक, त्यात कानाला लावायचं बोलकं यंत्र. लोक येतात ते चित्रकार मार्क शागालच्या खिडक्या बघायला. १९७० साली बसवलेल्या पाच उंच, अरुंद काचा. तेव्हा शागाल ८३ वर्षांचा होता. एक तांबडी, दोन निळ्या, एक हिरवी, एक पिवळी, आणि प्रत्येकीत माणसं उभी नसून तरंगत असलेली. आम्ही बाकावर बसलो आणि तासभर उठलो नाही. ऊन सरकलं तशी निळी काच आतून पेटल्यासारखी झाली, मग विझली, मग हिरवी जागी झाली. यंत्रातला आवाज संपला तरी आम्ही बसलेलो.

तिथून पूल ओलांडला की ग्रोसम्युन्स्टर. दोन मनोऱ्यांचं, शहराच्या प्रत्येक चित्रात असणारं. मनोऱ्यावर चढायला पैसे पडतात, खाली मात्र सगळं मोफत. आत शिरलो, उघड्या दगडी भिंती पाहिल्या, तपकिरी रंगाच्या काही अंधुक खिडक्या पाहिल्या, आणि सात मिनिटांत बाहेर आलो. सात म्हणते, कारण आत्यानं घड्याळ बघितलं होतं.

रात्री खोलीवर माहितीपुस्तक चाळताना कळलं, की त्या अंधुक खिडक्या काचेच्या नव्हेतच. अकीक नावाच्या दगडाच्या पातळ चकत्या कापून, एकीला एक जोडून, जर्मन चित्रकार सिगमार पोल्के यानं त्या बनवलेल्या. २००९ साली पूर्ण झाल्या, पुढच्याच वर्षी तो गेला. दगडातून उजेड आणायची युक्ती, आणि मी तिच्यासमोरून कोणाला तरी शोधत असल्यासारखी चालत गेले होते.

"पाच फ्रँक घेतले असते तर बसलो असतो," आत्या म्हणाली.

मला ते लागलं, कारण ते खरं होतं. आपण बघतो ते वस्तूकडे की तिच्या भावाकडे? पैसे मोजले की डोळ्यांना काम लावायचा हक्क येतो. तिकीट हातात असेल तर माणूस भिंतीवरची भेगसुद्धा निरखून बघतो. मराठीत आपण फार सहज म्हणतो, पैसे वसूल झाले. जणू ते दृश्य आपलं देणेकरी होतं आणि आपण दारात जाऊन ठाण मांडलं. फुकटचं दृश्य मात्र काही देणं लागत नाही, म्हणून त्याच्या दारात कोण थांबणार.

रविवारी परत गेलो त्या दगडी खिडक्यांपाशी. सकाळची प्रार्थना आटोपल्यावर, अर्धा तास. पण ते पुढचं झालं.

शनिवारी भर दुपारी आम्ही बेलव्यू चौकात उभ्या. तिथे खिडकीतून सॉसेज विकतात. भाजलेला सॉसेज कागदात, सोबत कडक सालीचा गोल पाव, ज्याला इथे ब्यूर्ली म्हणतात, आणि नाकात झिणझिण्या आणणारी मोहरीची चटणी. नावाजलेला सॉसेज वासराच्या मांसाचा असतो. मी तो टाळला, डुकराचा घेतला. आत्या शाकाहारी, तिनं नुसता पाव आणि मोहरी मागितली. खिडकीतल्या माणसानं तिच्याकडे जरा करुणेनं पाहिलं आणि पाव दोन दिले.

माझे नऊ फ्रँक गेले होते. शून्यं येऊन उभी राहायच्या आत आत्यानं विचारलं, "या माणसाला तासाला काय मिळत असेल?"

त्याचा पगार मला कसा ठाऊक असणार. पण एवढं वाचलं होतं, की २०२३ साली या शहरातल्या मतदारांनी तासाला २३.९० फ्रँक किमान वेतन असावं असा कौल दिला आणि मग ते प्रकरण कोर्टात अडकलं. आत्यानं पावाचा तुकडा मोहरीत बुडवला. ओठ हलले. "बावीस मिनिटं," ती म्हणाली. "समज, तेवढाच मिळत असेल. तर तुझा सॉसेज त्याची बावीस मिनिटं. कालचं पाणी अकरा. पाणी महागच होतं. हा ठीक आहे."

ती कालपासून हेच करत होती. मी किमतीला घरी नेऊन तोलत होते, ती किमतीला तिथल्याच माणसाच्या घड्याळावर लावून बघत होती. ही रीत तिनं शोधलेली नव्हे. याच शहरात मुख्यालय असलेली यूबीएस बँक १९७१ पासून बरीच वर्षं जगातल्या शहरांचे पगार आणि किमती शेजारी मांडणारा अहवाल काढायची, आणि त्यात एक बिग मॅक घ्यायला कुठल्या शहरात किती मिनिटं राबावं लागतं तेही असायचं. त्या हिशेबात झुरिक महाग शहर न राहता भलतंच स्वस्त होऊन बसायचं. इथे राबणाऱ्याला स्वस्त, एवढं फक्त त्यात जोडून घ्यायचं. आम्ही इथे राबत नव्हतो. आम्ही दुसऱ्या घड्याळावरचे लोक, या घड्याळावर जेवायला बसलेले.

पण सॉसेजची गोष्ट इथे संपत नाही, उलट या शहरात बरंच काही सॉसेजपासून सुरू झालं. १५२२ चा मार्च. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा उपास चालू, मांस वर्ज्य. छापखानेवाला ख्रिस्तोफ फ्रोशाउअर याच्या घरी त्यानं, त्याच्या कामगारांनी आणि काही पाहुण्यांनी धुरावलेल्या सॉसेजचे तुकडे करून वाटून खाल्ले. ग्रोसम्युन्स्टरचा धर्मोपदेशक उलरिख झ्विंग्ली तिथे हजर होता. त्यानं स्वतः खाल्ला नाही, पण दोन आठवड्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, की काय खावं काय खाऊ नये हे ठरवायला माणूस मोकळा आहे. झुरिकच्या धर्मसुधारणेची सुरुवात इथून धरतात. पुढे त्याच ग्रोसम्युन्स्टरमधून मूर्ती आणि चित्रं काढून टाकली गेली. आम्हाला सात मिनिटांत बाहेर काढणाऱ्या उघड्या भिंती या सॉसेजच्या पोटातूनच आलेल्या.

फ्रोशाउअरनं नगरसभेला दिलेलं कारण मला सगळ्यांत भावतं. फ्रँकफर्टच्या जत्रेसाठी रात्रंदिवस छपाई चालू आहे, नुसत्या लापशीवर माणसांचं भागत नाही, आणि मासे काही नेहमी परवडत नाहीत.

"म्हणजे तेव्हाही महागच," आत्या म्हणाली.

त्याच जुन्या भागात श्पीगेलगासे नावाची चढाची बोळ आहे. १४ नंबरच्या घरात १९१६-१७ साली लेनिन आणि त्याची बायको क्रुप्स्काया एका चांभाराकडे भाड्यानं राहत. मागच्या अंगणात सॉसेजचा कारखाना. वास इतका, की रात्री उशिरापर्यंत खिडकी उघडायची सोय नाही, असं क्रुप्स्कायानं लिहून ठेवलं आहे. तेवढ्याच भाड्यात बरी खोली मिळाली असती, पण घरमालक माणसं म्हणून आवडली म्हणून राहिले. बोळाच्या खालच्या टोकाला, १ नंबरला, त्याच १९१६ च्या फेब्रुवारीत कॅबरे व्हॉल्टेअर उघडलं आणि दादावाद्यांचा, म्हणजे कलेचे सगळे नियम उधळून लावणाऱ्या कलावंतांचा, रात्रीचा गोंगाट सुरू झाला. एका बाजूला गोंगाट, मागे सॉसेजचा वास, मध्ये क्रांती. घरावर आता पाटी आहे. आम्ही पाटी वाचली, वास घेऊन बघितला. कुठून तरी कॉफीचा येत होता.

संध्याकाळी हिल्टल. १८९८ पासून चालू असलेलं शाकाहारी हॉटेल, जगातलं सगळ्यांत जुनं म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंद असलेलं. सुरुवातीला इथे जेवणाऱ्यांना शहर गवतखाऊ म्हणून हिणवायचं. ज्याच्या नावानं ते ओळखलं जातं तो आंब्रोसियस हिल्टल मूळचा बव्हेरियातला शिंपी. सांध्यांचं दुखणं जडलं, डॉक्टरांनी मांस सोडायला सांगितलं, तेव्हा हा इथे जेवायला येऊ लागला आणि शेवटी हॉटेलच चालवायला घेतलं. पुढे १९५० च्या दशकात त्याच्या घरातली सून शाकाहाराच्या परिषदेसाठी दिल्लीला जाऊन आली आणि येताना मसाल्यांची आवड घेऊन आली. त्यामुळे इथल्या टेबलावर आमटीसारखं काही दिसलं तरी दचकायचं नाही.

इथे ताटाचं वजन करतात. शंभर ग्रॅमला पाचेक फ्रँक. हे कळल्यावर आत्याचा चेहरा उजळला. एकतीस वर्षं नाण्यांच्या थैल्या हातानं तोललेली बाई. तिनं एक पूर्ण फेरी रिकाम्या ताटानिशी मारली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "डाळ जड. भात जड. बटाट्याला हात लावू नकोस. पानं घे, तळलेलं घे, पोकळ काय काय दिसतंय ते घे." मी ऐकलं नाही, वाटीभर डाळ घेतलीच. काट्यावर माझं ताट तिच्या जवळजवळ दुप्पट भरलं. ती विजयी मुद्रेनं टेबलाशी आली, पानं खाल्ली, पोकळ ते खाल्लं, आणि मग बराच वेळ माझ्या डाळीकडे बघत राहिली.

अर्धी डाळ तिला दिली. वजन तेवढंच, भूक दोघींची.

खोलीवर परतल्यावर तिनं दिवसभराच्या पावत्या पलंगावर मांडल्या. हा तिचा रोजचा कार्यक्रम. शुक्रवारच्या रेस्टॉरंटचं बिल एकीकडे, पाव आणि मोहरीची चिठ्ठी दुसरीकडे. "हे बघ," ती म्हणाली. बसून खाल्लेल्या बिलावर करापुढे ८.१ टक्के. खिडकीतून घेऊन उभ्याउभ्या खाल्लेल्यावर २.६. खाणं घेऊन गेलात तर किराण्यासारखं धरतात, टेबलाशी बसलात की सेवा घेतली असं धरतात. "साडेपाच टक्के खुर्चीचे." तिनं चष्मा काढला. पण टीप द्यायची नाही, हे मात्र तिला पटलेलं होतं. १९७४ पासून इथे सेवेचे पैसे जिनसाच्या किमतीतच धरलेले असतात, वर काही ठेवायचं तर आपल्या खुशीनं. "सगळं छापलेल्या आकड्यात. मागून हात पुढे येत नाही. हे बरं आहे."

रविवारी सकाळी साडेआठला तिनं मला उठवलं. दोन तास दहा मिनिटं शिल्लक होती.

आम्ही कुठेही जायचं नसताना ट्रॅममध्ये बसलो. सहा नंबर, शेवटपर्यंत. ट्रॅम चढण चढत गेली, दुकानं संपली, बागा लागल्या, प्राणिसंग्रहालयाच्या थांब्यावर सगळे उतरले, म्हणून आम्हीही. बाजूलाच फ्लुंटर्नची दफनभूमी निघाली. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसची कबर इथे आहे. १९४१ च्या जानेवारीत तो याच शहरात वारला. कबरीशेजारी त्याचा पुतळा, मांडीवर पाय टाकून बसलेला, हातात सिगारेट, चेहऱ्यावर घेणेकऱ्याला उद्या या म्हणणाऱ्याचा निवांतपणा. आयुष्यभर उधारीवर काढलेला माणूस जगातल्या सगळ्यांत महागड्या शहरांपैकी एकात कायमचा मुक्कामाला आहे. दोन पावलांवर लेखक एलियास कानेटी, १९८१ चा नोबेल विजेता. सकाळची वेळ, झाडांखाली ओलसर गवत, आमच्याशिवाय कुणी नाही. तिकीट वसूल करायला निघालो नसतो तर इथे कशाला आलो असतो.

परतीच्या ट्रॅमचा १०.३१ ला शहरात थांबा. आत्यानं नऊ मिनिटं शिल्लक टाकली त्याची हळहळ मला सांगून दाखवली.

रविवारी दुकानं बंद. बंद म्हणजे कुलूपबंद, सगळं शहर. उघडी असतात ती मुख्य स्टेशनातली, तळघरातली. तिथल्या मिग्रोसमध्ये रांग लागलेली. कॉफी आणि किमतींच्या या शहरात १९२५ साली गोटलीब डुटवायलर नावाच्या माणसानं पाच फोर्ड गाड्या घेऊन फक्त सहा जिनसा विकायला सुरुवात केली होती: कॉफी, तांदूळ, साखर, शेवया-नूडल्स, खोबऱ्याची चरबी आणि साबण. दुकानाचं भाडं नाही, मधला दलाल नाही, म्हणून भाव पडते. तेच आज देशभर पसरलेलं मिग्रोस. आम्ही चीजचं सँडविच, दही आणि दोन सफरचंदं घेतली. सँडविचवर अर्ध्या किमतीची चिकटपट्टी होती, आत्याच्या नजरेला ती लांबूनच दिसली.

स्टेशनाच्या मागे, राष्ट्रीय संग्रहालयापलीकडे, दोन नद्या मिळतात त्या टोकावर प्लाट्झश्पिट्झ नावाची बाग आहे. आम्ही तिथल्या गवतावर बसून जेवलो. अडीच दिवसांतलं सगळ्यांत स्वस्त आणि, मला विचाराल तर, सगळ्यांत चवदार जेवण. याच गवतावर १९८० च्या दशकाच्या शेवटी हजारो व्यसनी माणसं उघड्यावर हेरॉइन टोचून घेत पडलेली असायची. फेब्रुवारी १९९२ मध्ये बागेला कुलूप लावलं, तेव्हा ती माणसं नदीकाठानं पुढे सरकली. मग काही वर्षांनी देशानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेरॉइन देऊन उपचार करायचा मार्ग धरला. गवताला यातलं काही आठवत नाही. समोर एक मुलगा कुत्र्याला चेंडू टाकत होता.

जेवून संग्रहालयात गेलो. तिकीट तेरा फ्रँक होतं की काय, आत्या आता आकडे मला सांगेनाशी झाली होती. मला एकच वस्तू बघायची होती. एक दगड.

लिंडेनहोफ ही जुन्या शहरातली टेकडी. वर लिंडेनची झाडं, खाली नदी, पलीकडे ग्रोसम्युन्स्टरचे मनोरे, म्हातारी माणसं जमिनीवरच्या मोठ्या पटावर बुद्धिबळ खेळत असतात. रोमन काळात इथे नाका होता. नदीवरून जाणाऱ्या मालाची इथे जकात घेत. या शहराचं नाव सर्वांत आधी जिथे कोरलेलं सापडतं तो दगड १७४७ साली या टेकडीवर मिळाला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. खरा संग्रहालयात आहे, नक्कल टेकडीकडे चढणाऱ्या बोळात लावली आहे. तो कुठल्या विजयाचा नाही, राजाचा नाही. एका बाळाची कबर आहे ती.

लुसियस एलियस उर्बिकस. वय १ वर्ष, ५ महिने, ५ दिवस. दगड उभारणारा बाप उनिओ, बादशहानं मुक्त केलेला गुलाम आणि तूरिकुमच्या, म्हणजे आजच्या झुरिकच्या, जकात नाक्याचा मुख्य. आई एलिया सेकुंदिना. शेवटी, अत्यंत गोड मुलासाठी, असे शब्द. नाक्याचं नाव बापाच्या हुद्द्यापुरतं आलेलं, त्यामुळे शहराच्या हातात आलं ते त्याचं सगळ्यांत जुनं नाव.

आत्या बराच वेळ उभी होती. तिला लॅटिन येत नाही, मला येत नाही, बाजूच्या फलकावरचं मी मराठीत सांगत होते. "जकात किती घ्यायचे?" तिनं विचारलं.

चाळिसावा हिस्सा. तसं दगडावरही आहे: चाळीस हा आकडा, रोमन लिपीत. म्हणजे अडीच टक्के.

"आणि कालच्या पावावर दोन पूर्णांक सहा," ती म्हणाली. "अठराशे वर्षांत एक दशांशच वाढला." मी हसले. ती हसली नाही. दगडाकडे बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "दिवससुद्धा मोजलेत बघ. पाच दिवस. हिशेबनीस माणूस. त्यानं मोजले असणारच."

माणसं आली, गेली. एका शाळेची सहल आमच्यामागून वळसा घालून पुढे गेली. आम्ही त्या दगडासमोर फ्राउम्युन्स्टरमध्ये बसलो होतो तेवढा वेळ उभ्या होतो. तेरा फ्रँक कुणाच्याच डोक्यात नव्हते, माझ्या तरी नव्हते.

मग टेकडीवर गेलो. आत्यानं तिथल्या हौदावर जुनी प्लास्टिकची बाटली भरून घेतली, काठोकाठ, वर आलेला बुडबुडा टिचकी मारून फोडला आणि झाकण लावलं. "विमानात लागेल," ती म्हणाली.

विमानतळ शहराच्या झोनबाहेर. वेगळं तिकीट, त्याची पावती वेगळी. सुरक्षा तपासणीच्या रांगेत आमचा नंबर आला तेव्हा ट्रे सरकवणाऱ्या मुलीनं बाटलीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. बाजूला पिंप होतं, ओतून टाकायला. आत्यानं पिंपाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मागची सबंध रांग बघितली. मग ती रांगेतून एक पाऊल बाजूला झाली, झाकण उघडलं आणि उभ्याउभ्या प्यायला लागली. अर्धा लिटर. मधे एकदा थांबून श्वास घेतला. तळाशी बोटभर उरलं तेव्हा बाटली माझ्यापुढे धरली.

"घे," ती म्हणाली. "दोन मिनिटांचं आहे."